प्रत्येक रुळाला आपली तार

वाचकांचे प्रश्न, सिग्नलवाल्या काकांची उत्तरं

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. बहुतेक वर्षं मिरज-कोल्हापूरच्या बाजूला गेली. निवृत्तीनंतर शाहूपुरीतल्या घराच्या माडीवर नातवासाठी छोटी रेल्वे मांडली आणि तेव्हापासून लोक मला तारांचे प्रश्न विचारू लागले. या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या तिघांनाही ते वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. गेल्या वर्षी तिच्या मामानं तिला एचओ स्केलचा (छोट्या रेल्वेचं एक ठरलेलं माप) रेल्वेचा संच दिला. आम्ही दोघींनी मिळून आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर रूळ मांडले. एक लांबट फेरी आहे आणि आतल्या बाजूला दोन सायडिंग, म्हणजे गाडी उभी करायचे बाजूचे रूळ. कंट्रोलरजवळ, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या डब्याजवळ, गाडी छान पळते, पण पलीकडच्या कोपऱ्यात गेली की दमते, कधी थांबतेच. बोटानं ढकलली की पुन्हा सुटते. ओळखीचे एक जण म्हणतात, इंजिन बदला. आम्हाला वायरिंगमधलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू? आणि मुलीनं सोल्डरिंग (मऊ धातू वितळवून तारा जोडणं) केलं तर चालेल का?
— एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, इंजिन बदलू नका. जे इंजिन कंट्रोलरजवळ नीट पळतं ते चांगलं आहे. वीज पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, एवढाच दोष आहे.

तुमच्या संचाबरोबर दोन तारा आल्या असतील. त्या फेरीच्या एकाच ठिकाणी रुळांना जोडल्या आहेत. तिथून पुढे वीज रुळांतून जाते आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना त्या बारीक पत्र्याच्या जोडपट्टीतून जाते. आठ बाय चारच्या बोर्डावरच्या फेरीला नऊ इंची तुकडे साधारण तेवीस-चोवीस लागतात. विजेला डावीकडून आणि उजवीकडून अशा दोन वाटा आहेत हे खरं, पण कुठल्याही वाटेनं गेलं तरी पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत अकरा-बारा जोड ओलांडायचे आणि परतीच्या रुळावर पुन्हा तेवढेच. जोडपट्टी नवी असते तेव्हा घट्ट बसते. रूळ चार वेळा काढून लावले की ती सैल होते, आत हवा लागते, धूळ बसते. प्रत्येक जोड थोडी थोडी वीज खातो. शिवाय रूळही तांब्याचे नाहीत. चांगल्या संचांचे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि तांब्यापेक्षा ते वीज वाहायला बरंच कमी पडतं.

हा दोष मी मोठ्या रुळांवर आयुष्यभर बघितला. खऱ्या रेल्वेत ट्रॅक सर्किट नावाची गोष्ट असते. रुळांच्या एका तुकड्याला एका टोकाकडून अगदी कमी व्होल्टची वीज देतात आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे वीज मिळेपर्यंत उचललेला राहणारा विजेचा खटका, बसवतात. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, रिलेपर्यंत वीज पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तिथेही फिशप्लेटनं, म्हणजे बोल्टनं आवळलेल्या लोखंडी पट्टीनं, जोडलेले रूळ असतात, पण विजेच्या बाबतीत फिशप्लेटवर कुणी विसंबत नाही. प्रत्येक जोडाला वळसा घालून दोन तारा रुळात ठोकलेल्या असतात, त्याला आम्ही बाँड म्हणतो. एका पावसाळ्यात मध्यरात्री एका छोट्या स्टेशनावर सिग्नल लालच अडकला होता आणि रुळावर गाडी नव्हती. भर पावसात बॅटरी घेऊन मी एकेक जोड तपासत गेलो. एका जोडाच्या दोन्ही तारा गंजून तुटल्या होत्या. फिशप्लेट जागेवर होती, बोल्ट आवळलेले होते, डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. तुमच्या पलीकडच्या कोपऱ्यातही तेच झालं आहे.

तेव्हा रूळ गाडीला वाट दाखवण्यासाठी, आणि वीज नेण्यासाठी बोर्डाखाली जाड तार, अशी वाटणी करा.

लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन घराच्या वायरिंगची दीड एमएमची (दीड चौरस मिलिमीटरची) लवचीक वायर घ्या, लाल सहा मीटर आणि काळी सहा मीटर. या दोन तारा बोर्डाखालून फेरीच्या मागोमाग फिरवा. यांना बस म्हणतात. शेवटची टोकं एकमेकांना जोडून गोल पुरा करू नका, मोकळी ठेवून टेप लावा. उद्या बोर्ड वाढवलात तर तिथूनच पुढे जाता येईल. मग अर्ध्या एमएमच्या बारीक वायरचे वीतभर लांबीचे तुकडे करा, तेही लाल आणि काळे. प्रत्येक तुकड्याचं वरचं टोक रुळाला, खालचं टोक बसला. या उतरत्या तारा दर तीन फुटांवर दिल्या तरी गाडी सुधारेल. पण तुम्ही पहिल्यांदा करताय आणि रूळ अजून सुटे आहेत, तर रुळाच्या प्रत्येक तुकड्याला लावा. काम वाढेल, पण ते एकदाच करायचं आहे.

लाल कुठल्या रुळाला आणि काळी कुठल्या, हे आधी ठरवा. बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी, असं ठरलं की फेरीभर तसंच. बोर्डाखाली आडवं पडून काम करताना डावं-उजवं उलटं होतं आणि तिथेच सगळे चुकतात. म्हणून वरून भोक पाडलं की लगेच खालच्या बाजूला त्या भोकाशी लाल किंवा काळ्या रंगाचा ठिपका द्या. मी नातवाच्या पहिल्या बोर्डाला घरातली उरलेली पांढरी वायर वापरली, सगळीकडे पांढरी. एक तार चुकली आणि ती शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या, तीही एकेक उतरती तार सोडवून. नोकरीत रुळाकडेच्या शेकडो तारांच्या पेटीत (लोकेशन बॉक्समध्ये) मी नंबराच्या बिल्ल्याशिवाय एक टोकही सोडलं नाही आणि घरी ते केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून रंग पाळा.

आता सोल्डरिंग. सातवीतली मुलगी नक्की करू शकेल, फक्त पहिले काही जोड तुम्ही शेजारी बसून करा. पुढचं मी तिलाच सांगतो.

बाळ, रुळाच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर लावायचं. चाकाची कड आतल्या बाजूनं जाते, तिथे सोल्डरचा थेंब राहिला तर गाडी उडी मारेल. आधी ती जागा बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत घास. मग राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा लेप) किंचित लाव. डबीवर राळ म्हणजे रोझिन लिहिलेलं बघ. नळाच्या आणि पत्र्याच्या कामाला वापरतात तो ॲसिडचा फ्लक्स आणू नकोस, तो नंतर तारा खातो. पहिल्यांदा रुळाला थोडं सोल्डर चढव, मग वायरच्या टोकाला थोडं चढव, मग दोन्ही एकत्र धरून सोल्डरिंगची इस्त्री (टोक तापणारं हत्यार) टेकव. दोन-तीन सेकंदांत दोन्हीकडचं सोल्डर वितळून एक होतं. इस्त्री काढल्यावर तार हलवू नकोस, सोल्डरची चमक स्थिर होईपर्यंत थांब. साधं साठ-चाळीसचं सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं, पण रूळ उष्णता ओढून नेतो, म्हणून २५ वॅटपेक्षा ४० वॅटची इस्त्री बरी. कमी वॅटची इस्त्री जास्त वेळ टेकवावी लागते आणि तेवढ्यात रुळाखालच्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, वितळतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवलेस तर स्लीपर वाचतील. खिडकी उघडी ठेव. त्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. आधी रुळाच्या जुन्या तुकड्यावर दहा जोड कर. अकरावा जोड बोर्डावर.

ताई, एक गोष्ट मात्र मुलीच्या हाती द्यायची नाही. कंट्रोलर उघडायचा नाही, त्याच्या २३० व्होल्टच्या वायरला हात लावायचा नाही. रुळावर येणारे १२ व्होल्ट अंगाला झटका देत नाहीत, पण दोन तारा चिकटून राहिल्या तर वायर तापते. म्हणून कंट्रोलरमधून निघणाऱ्या लाल तारेवर दोन अँपिअरचा फ्यूज बसवा.

तार लावताना एक वेळी एकच लावायची आणि लगेच तपासायची. इंजिन बोर्डावरून उचला, मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) बीपवर, म्हणजे जोड लागला की आवाज करणाऱ्या खुणेवर, ठेवा आणि दोन रुळांना टेकवा. आवाज आला तर आत्ता लावलेली तार उलटी गेली आहे, दुसरीकडे शोधायची गरज नाही. सगळ्या तारा लावून मग तपासणाऱ्याला चोवीस जागा शोधाव्या लागतात. पूर्ण झाल्यावर मोटारसायकलच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब घ्या. तो साधारण एखाद्या इंजिनाएवढी वीज ओढतो. कंट्रोलरचा वेगाचा खटका पूर्ण पुढे करून हा बल्ब पलीकडच्या कोपऱ्यात रुळांवर लावा आणि तिथले व्होल्ट मोजा. मग कंट्रोलरजवळ तसंच मोजा. नुसतं मीटर लावून मोजलंत तर दोन्हीकडे सारखंच दिसेल, कारण मीटर वीज ओढत नाही आणि खराब जोड लपून राहतो. माझ्या बोर्डावर बस टाकण्याआधी दोन टोकांत अडीच व्होल्टांचा फरक होता. नंतर तो दोन दशांशांवर आला.

सायडिंगबद्दल थोडक्यात. तिथे एक इंजिन उभं ठेवून दुसरं फिरवायचं असेल, तर सायडिंगच्या एका रुळात धातूच्या जोडपट्टीऐवजी प्लॅस्टिकची बसवा आणि त्या पुढच्या रुळाची लाल तार एका टॉगलमधून (छोट्या दांडीच्या स्विचमधून) न्या. टॉगल बंद, इंजिन उभं. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तुकडा, विकत घेताना क्रॉसिंगचं नाक (दोन आतले रूळ मिळतात ते टोक) प्लॅस्टिकचं आहे की धातूचं ते बघा. प्लॅस्टिकचं असेल तर शॉर्टची भीती नाही, फक्त छोटं चार चाकी इंजिन तिथे अडखळू शकतं. धातूचं असेल तर नाकापासून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकची जोडपट्टी लागतेच, नाहीतर पलीकडे तार दिल्या दिल्या शॉर्ट होईल.

प्रश्न : कोल्हापूर स्टेशनाची प्रतिकृती करतो आहे. गाडी स्टेशनात आल्यावर उलटी फिरून परत मिरजेकडे जावी म्हणून स्टेशनामागे रूळ गोल वळवून पुन्हा त्याच लाइनला जोडला. जोडताक्षणी कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि सगळं बंद पडतं. तारा दहा वेळा तपासल्या.
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : सर, तुमच्या तारा बरोबर आहेत. शॉर्ट रुळांच्या आकारातच आहे.

स्पीकरची लाल-काळी जोडवायर हातभर घ्या. टेबलावर सपाट ठेवा, पीळ न देता गोल वळवा आणि टोक आणून तिच्याच सुरुवातीला समांतर लावा. लाल काळ्याशेजारी येऊन बसते. रुळांचंही हेच होतं. गोल फिरून आलेला डावा रूळ मूळच्या उजव्या रुळाला भिडतो.

इलाज असा. गोलाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या बसवा, म्हणजे एकूण चार. सुटा झालेला हा गोल एवढा लांब हवा की इंजिन आणि सगळे डबे त्यात मावतील. मग सहा पायांचे दोन टॉगल आणा, दुकानात डीपीडीटी म्हटलं की देतात. एक मेन लाइनला, एक गोलाला. मधले दोन पाय रुळांना, एका टोकाचे दोन पाय कंट्रोलरला, आणि तिथून तिरक्या दोन तारा दुसऱ्या टोकाच्या पायांना फुलीसारख्या. गाडी गोलात शिरली की ती आत असतानाच सांधा बदला आणि मेन लाइनचा टॉगल उलटा करा. गोलाच्या टॉगलला हात लावू नका. गाडी न थांबता बाहेर पडेल. कंट्रोलरवरचा दिशेचा खटका यासाठी चालत नाही, कारण तो दोन्हीकडची दिशा एकदम उलटवतो.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण सर, मनापासून सांगतो, कोल्हापूर करताय तर हा गोल काढून टाका. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे लाइनच्या शेवटचं स्टेशन. तिथे गाडी वळत नाही. इंजिन सुटतं, शेजारच्या लाइननं डब्यांना ओलांडून दुसऱ्या टोकाला येतं आणि तिकडून लागतं. १८९१ साली मिरजेहून इथे लाइन आली तेव्हापासून या गावाचा रेल्वेशी व्यवहार असाच आहे. तुमच्या बोर्डावर फलाटाच्या रुळाशेजारी एक समांतर रूळ आणि त्याला दोन सांधे एवढंच लागेल. रूळ स्वतःवर उलटा फिरत नसल्यामुळे असल्या शॉर्टचा प्रश्नच येत नाही. इंजिन सुटून, फिरून पुन्हा लागताना बघायला जी मजा आहे ती गोलात नाही. आम्ही लहानपणी फलाटावर तेवढंच बघायला जायचो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मॉडेल रेल्वे नव्यानं सुरू करतोय. साधं डीसी घ्यावं की थेट डीसीसी? डीसीसीला दोनच तारा पुरतात असं ऐकलं.
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : दोनच तारा पुरतात हे अर्धं खरं आहे आणि त्यानं बरेच जण फसतात.

डीसीमध्ये रुळावरचे व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलतो आणि प्लस-मायनस उलटवून दिशा. त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिनं एकदम हलतात. डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्ट असतात आणि त्यातूनच आकड्यांचे हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात डीकोडर असतो आणि तो आपल्या नंबरचा हुकूम तेवढा ऐकतो. नव्या डीकोडरचा नंबर कारखान्यातून ३ येतो. म्हणून दोन इंजिनं आणलीस तर एकाचा नंबर आधी बदल. रुळाचे तुकडे पाडून टॉगल लावण्याची गरज कमी होते, ते खरं. पण बस आणि उतरत्या तारा डीसीपेक्षा जास्त नीट लागतात, कारण व्होल्टबरोबर हुकूमही त्याच जोडांतून जातात.

डीसीसीची तपासणी रुपयाच्या नाण्यानं करतात. बोर्डावर कुठेही दोन रुळांवर नाणं टेकवलं की बूस्टरनं (रुळांना डीसीसीची वीज देणाऱ्या डब्यानं) तत्काळ वीज तोडली पाहिजे. जिथे तोडली नाही तिथे तारा कमी आहेत. तिथे गाडी घसरून शॉर्ट झाला तर वीज चालूच राहील आणि डबे वितळतील.

माझं मत : बस आत्ताच डीसीसीला पुरेल अशी टाक, म्हणजे दीड एमएम आणि प्रत्येक तुकड्याला तार. इंजिन डीकोडरचं सॉकेट असलेलं घे. पहिलं वर्ष डीसीवर चालव. पुढे बदलशील तेव्हा बोर्डाखाली काही उकरावं लागणार नाही. मात्र डीसीचा कंट्रोलर आणि डीसीसी एकाच रुळाला एकाच वेळी कधीही जोडू नकोस, दोन्हींपैकी काहीतरी जळेल.

प्रश्न : सांधा बदलायला विजेची मोटर बसवली आणि भिंतीवरच्या दिव्याचा असतो तसा स्विच लावला. सांधा एकदा छान बदलला. पाच मिनिटांनी जळका वास आला आणि मोटर गेली. मोटर खराब होती का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मोटर चांगली होती. तिला मोटर म्हणतात, पण आत दोन कॉइल आणि मध्ये लोखंडी दांडा असतो. एक कॉइल दांडा इकडे ओढते, दुसरी तिकडे. कॉइल वीज भरपूर ओढते आणि ती क्षणभरासाठीच बनवलेली असते. तुमचा स्विच चालूच राहिला, कॉइल पाच मिनिटं तापत राहिली. खऱ्या रेल्वेच्या पॉइंट मशिनमध्ये, म्हणजे सांधा बदलणाऱ्या यंत्रात, सांधा पूर्ण बसला की आतलेच कॉन्टॅक्ट मोटरची वीज तोडतात. तुमच्याकडे ते काम बोटानं करायचं आहे, म्हणून दारावरच्या घंटीसारखं दाबल्यापुरतं चालणारं बटण लावा, प्रत्येक सांध्याला दोन.

बटण अडकून बसलं तर पुन्हा तेच होईल. त्यावर कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा, छोटा बोर्ड मिळतो. कपॅसिटर भरलेला असतो, बटण दाबलं की त्यातली सगळी वीज एका दणक्यात कॉइलला मिळते आणि मग बटण दाबून धरलं तरी जळण्याइतकी वीज उरत नाही. सांध्यांना वीज वेगळ्या ॲडॉप्टरवरून द्या, रुळाच्या बसवरून नको, नाहीतर प्रत्येक सांध्याला गाडी अडखळेल.

नवी मोटर बसवण्याआधी सांधा बोटानं हलवून बघा. तो दोन्हीकडे हलका जाऊन टेकला पाहिजे. खडी चिकटवताना जिभेखाली, म्हणजे सांध्याच्या हलत्या रुळाखाली, गोंद गेला असेल तर नवी मोटरही तो ओढू शकणार नाही. टाचणीनं खरवडून काढा.